आत फुगा आहे

"वीस नंबरचे दोन व्हेनफ्लॉन, एक डायनाप्लास्ट, एक मायक्रोपोर, एक युरोबॅग आणि आरएलच्या तीन बाटल्या. लवकर आणा हं."

सिस्टरांनी हे एका दमात सांगितलं आणि मीही एका दमात "हो" म्हणालो. जिना उतरून खालच्या मेडिकलमध्ये पोचेपर्यंत डोक्यात फक्त "बाटल्या" एवढंच शिल्लक राहिलं होतं. गुपचूप परत वर गेलो आणि चिठ्ठीवर लिहून घेतलं. मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघितली आणि म्हणाला, "वीस नंबर संपलंय, बावीस देऊ?" मी विचार केला, वीसपेक्षा बावीस मोठं, म्हणजे चांगलंच असणार. म्हटलं, द्या.

वर गेल्यावर सिस्टरांनी आधी पाकिटाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "हे निळं आहे. मला गुलाबी पाहिजे. पेशंट उद्या ऑपरेशनला जाणार आहे."

आता खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात आलं की बाई, रंगाने काय फरक पडतो? साडी आहे का ती?

फरक पडतो, हे नंतर कळलं. व्हेनफ्लॉन म्हणजे हातावरच्या शिरेत बसवतात ती छोटी नळी. तिच्या टोपणाचा रंग तिची जाडी सांगतो. हिरवी १८ नंबरची, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४. आणि इथे नंबर उलटे चालतात, म्हणजे नंबर मोठा तर नळी बारीक. तार मोजण्याच्या जुन्या इंग्लिश गेजवरून हे आलंय. ऑपरेशनच्या वेळी गरज पडली तर सलाईन किंवा रक्त भराभर देता आलं पाहिजे, म्हणून जरा जाड नळी हवी. मी आणली होती बारीक. गंमत म्हणजे लघवीच्या नळीचा नंबर बरोबर याच्या उलट चालतो. ती फ्रेंच मापाने मोजतात, तिथे नंबर मोठा तर नळी जाड. नंबराला तीनने भागलं की मिलिमीटर मिळतात. १६ नंबरची नळी म्हणजे सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास. एकाच पेशंटला, एकाच पलंगावर, दोन उलट्या मोजपट्ट्या! आमच्याकडे असं कुणी डिझाइन केलं असतं तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याचं काही खरं नव्हतं.

ही गोष्ट २०१७ची. बाबा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या दहा-बारा दिवसांत मी जी भाषा शिकलो तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

सगळ्यात आधी कबूल करतो, मला ही भाषा आवडते. सकाळी सातच्या सुमाराला ड्यूटी बदलताना दोन सिस्टर पलंगापलंगापाशी थांबून एकमेकींना जे सांगतात ते कधी कान देऊन ऐका. "सात नंबर. आरटी, फोलीज इन सिटू. आरएल चालू आहे. एनबीएम. एचजीटी सहा तासांनी." एवढंच. बारा सेकंदांत एका माणसाची सगळी अवस्था दुसऱ्या माणसाच्या डोक्यात पोचली. नाकातून पोटात नळी आहे, लघवीची नळी आहे, सलाईन कुठलं चालू आहे, तोंडाने काही द्यायचं नाही, बोटातून रक्त घेऊन साखर कधी बघायची. सगळं आलं. आपण ऑफिसात "प्रॉड डाऊन आहे, आधी रोलबॅक मार" म्हणतो तेच हे. जिथे घाई आहे आणि चूक महागात पडते तिथे अशी भाषा आपोआप तयार होते, आणि ती व्हायलाच पाहिजे.

शिवाय या शब्दांना आपापला इतिहास आहे. व्हेनफ्लॉन, डायनाप्लास्ट, मायक्रोपोर ही मुळात ब्रँडची नावं. आपण कुठल्याही मशीनवर काढलेल्या कॉपीला झेरॉक्स म्हणतो आणि दुकानात कुठलंही पाणी मागताना बिसलेरी म्हणतो, तसंच. काही नावं माणसांची आहेत. फोलीज हे फ्रेडरिक फोली या अमेरिकन डॉक्टरचं नाव. आरटी म्हणजे राइल्स ट्यूब, ती जॉन राइल या इंग्लिश डॉक्टरची, १९२१ सालची. आरएलमधला आर म्हणजे सिडनी रिंगर, तोही इंग्लिश डॉक्टर, एकोणिसाव्या शतकातला. ही सगळी मंडळी आपल्या वॉर्डात रोज तीन शिफ्टमध्ये हजर असतात आणि त्यांची ओळख कुणालाच नसते.

तर भाषेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे, आणि ती बाबांच्या ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्रीपासूनची आहे.

त्या रात्री मी पलंगाशेजारच्या बाकावर झोपलो होतो. बारा-साडेबाराला बाबांनी हाक मारली. "अरे, लघवीला जायचंय." उठता तर येत नव्हतं. मी सिस्टरांना जाऊन सांगितलं. त्या दुसऱ्या पेशंटच्या हाताला शीर शोधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "फोलीज आहे ना त्यांना. आपोआप होते."

उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. मी ते बाबांना जसंच्या तसं दिलं. "बाबा, आपोआप होते म्हणे." आणि झोपलो.

आता बाबांच्या बाजूने विचार करा. माणूस सत्तर वर्षं लघवी लागली की उठून जातोय. आता जोरात लागली आहे, पण होत नाहीये असं वाटतंय. मुलगा म्हणतो आपोआप होते. पण होत असेल तर मग लागल्यासारखी का वाटते? आणि खरंच आपोआप झाली तर? अंथरूण ओलं झालं तर? या वयात? बाबांनी पुन्हा मला उठवलं नाही, कारण मुलगा दिवसभर दमलाय. त्यांनी आपलं लॉजिक लावलं. काहीतरी अडकलंय. अडकलीय ती ही नळी. म्हणजे नळी काढली की मोकळं होईल.

तीन वाजता त्यांच्या ओरडण्याने सगळा वॉर्ड जागा झाला. पिशवीत रक्त होतं.

पुढचं फार लिहीत नाही. मूत्रविकाराचे डॉक्टर आले, सगळं निस्तरलं. पण दोन दिवसांत निघणारी नळी आठ दिवस राहिली. त्या आठ दिवसांत बाबा कुणाशी फारसं बोलले नाहीत. दुखण्यापेक्षा त्यांना लाज जास्त वाटत होती. "म्हातारा नळ्या उपटतो" असं मावशींपैकी कुणीतरी म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं. संध्याकाळी आत्या भेटायला आली तेव्हा त्यांनी झोपल्याचं सोंग घेतलं. मी बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवीन सिस्टर ड्यूटीवर आल्या. केरळच्या होत्या, पुण्यात येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मराठी मोडकं, लिंगाचा सगळा गोंधळ. त्या बाबांच्या उशाशी आल्या आणि म्हणाल्या,

"बाबा, आत छोटा फुगा आहे. पाणी भरलेला फुगा. म्हणून नळी बाहेर येत नाही. ओढला तर आत लागतो, रक्त येतो. तुम्हाला लघवी लागल्यासारखा वाटतो ना? तो फुगामुळे. खरा लघवी पिशवीमध्ये चाललाय. हे बघा, थेंब थेंब."

बाबांनी मान वळवून खाली लटकणाऱ्या पिशवीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "असं होय! मग हे आधी नाही का सांगायचं?"

बस. त्यानंतर बाबांनी नळीला हात लावला नाही. उलट पिशवीचे इन्चार्ज झाले. मी सकाळी गेलो की रिपोर्ट मिळायचा, "रात्रीत चारशे झाली."

त्या फुग्यात फार तर ५ ते १० मिली पाणी असतं. एक-दोन चमचे. काढायच्या आधी ते पाणी सिरिंजने ओढून घेतात, मग नळी अलगद येते. आणि फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी टेकल्यामुळे पिशवी भरत असतानाही लघवी लागल्याची भावना होते. ही माहिती वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरला होती. बाबांना नव्हती, आणि मलाही नव्हती.

आता माझा मुद्दा. रात्रीच्या सिस्टर सातारकडच्या होत्या. मराठी अस्सल, खणखणीत. सकाळच्या सिस्टरांना 'ती नळी' की 'तो नळी' हेही धड माहीत नव्हतं. म्हणजे प्रश्न भाषेचा नव्हताच! एकीने वस्तूचं नाव सांगितलं, दुसरीने वस्तू काय करते ते सांगितलं. फरक एवढाच.

म्हणूनच "वैद्यकीय शब्द मराठीत आणा म्हणजे लोकांना कळेल" असं कुणी म्हणालं की मी जरा सावध होतो. मराठीचा अभिमान मलाही आहे. पण रात्री साडेबाराला सिस्टर "त्यांना मूत्रनलिका बसवली आहे ना, आपोआप होते" असं म्हणाल्या असत्या तर बाबांनी नळी ओढली नसती का? ओढलीच असती. 'फोलीज'ऐवजी 'मूत्रनलिका' आलं तरी आतला फुगा अदृश्यच राहतो. नाव कुठल्याही भाषेत असो, ते झाकणच. पेशंटला झाकणाखालचं बघायचं असतं.

माझ्या मते पेशंटच्या अंगाला जी वस्तू लावली जाते तिच्याबद्दल तीन वाक्यं त्याला मिळालीच पाहिजेत. ही काय करते. लावल्यावर कसं वाटेल. आणि काय करायचं नाही. यातलं मधलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही.

व्हेनफ्लॉनचंच घ्या. कित्येक पेशंट दोन-दोन दिवस हात लाकडासारखा ताठ ठेवून पडलेले असतात, कारण त्यांना वाटतं सुई आत आहे, हात हलवला तर टोचेल. आत सुई नसतेच. सुईने शीर सापडली की सुई काढून घेतात, आत राहते ती मऊ प्लॅस्टिकची नळी. "सुई काढलीय, नुसती मऊ नळी आहे, हात हलवा, पण सुजला किंवा ठणकला तर सांगा." संपलं. पाच सेकंद लागले असतील.

सलाईनचं तर विचारूच नका. आपल्याकडे टांगलेली प्रत्येक बाटली म्हणजे सलाईन, आणि सलाईन म्हणजे ताकद. नॉर्मल सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. ५ टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं पाणी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आत कॅलरी. एक पोळी खाल्ली तर साधारण तेवढ्याच मिळतात. हे कळलं तर "ताकदीचं एक सलाईन लावा की डॉक्टर" हा हट्ट निम्म्याने कमी होईल. आणि ती चक्री! बाटली लवकर संपावी म्हणून नातेवाईक हळूच चक्री फिरवून थेंब वाढवतात. मी स्वतः शेजारच्या पलंगावर हे बघितलंय. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर भराभर गेलेलं पाणी फुप्फुसात साठून श्वास लागू शकतो. सिस्टर रागावतात, "चक्रीला हात लावू नका." पण का नाही, ते सांगत नाहीत. मग पुढच्या वेळी माणूस सिस्टर गेल्यावर हात लावतो.

आणि एनबीएम. पलंगावर पाटी लटकवली, काम झालं. एनबीएम म्हणजे तोंडाने काहीही नाही. पण आपल्याकडे "काही खाऊ नका" याचा अर्थ "जेवू नका" असा होतो. चहा हे खाणं नाही. चहाबरोबरचं बिस्कीट तर नाहीच नाही. पोटात काही असताना भूल दिली आणि उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि जिवावर बेतू शकतं. हे एक वाक्य सांगितलं तर कुठलीही मावशी किंवा काकू प्रेमाने दुधाचा चहा पाजणार नाही. "एनबीएम आहे" म्हणून सांगितलं तर नक्की पाजेल, आणि वर म्हणेल, "घोटभरच दिला हो."

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, सिस्टरांना वेळ कुठे आहे? खरंच नाही. त्या रात्री त्या वॉर्डात वीसेक पलंगांना दोन सिस्टर होत्या. ज्या सिस्टर मान वर न करता बोलल्या त्यांच्यावर मी तेव्हा चिडलो होतो, आज चिडत नाही. त्यांच्या हातात त्या क्षणी दुसऱ्या माणसाची शीर होती. पण हिशोब तर करून बघा. फुग्याची पाच वाक्यं सांगायला वीस सेकंद लागली असती. न सांगितल्यामुळे त्याच सिस्टरांचे त्या रात्रीचे दोन तास गेले, शिवाय एक डॉक्टर झोपेतून उठला. म्हणजे वेळ वाचलाच नाही, उलट व्याजासकट गेला. म्हणून हे काम एखाद्या सिस्टरच्या चांगुलपणावर सोडायची गोष्ट नाही. नळी टाकली याची नोंद होते, तारीख लिहिली जाते. त्याच्याच शेजारी "पेशंटला सांगितलं" असा एक रकाना का नसावा? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. तिच्यात पहिलाच हक्क माहितीचा आहे, तीही पेशंटला समजेल अशा भाषेत. आपण मात्र माहिती म्हणजे आजाराचं नाव, ऑपरेशन आणि बिल एवढंच धरतो. अंगात घातलेली नळी ही पण माहितीच आहे की!

दुसरा आक्षेप असा की पेशंट घाबरतो, कशाला सांगायचं? हे ऐकलं की मला बाबांचे ते अडीच तास आठवतात. न सांगितलेला पेशंट निर्धास्त नसतो. तो रात्रभर स्वतःची थिअरी बनवत असतो, आणि ती थिअरी खऱ्या गोष्टीपेक्षा भयंकर असते. फुगा ऐकून बाबा घाबरले नाहीत, हसले.

अजून एक गोष्ट लक्षात आली आणि थोडी लाज वाटली. त्या केरळच्या सिस्टरांना आमची भाषा येत होती. म्हणजे व्याकरण नव्हे, पेशंटची भाषा. 'उमासे येतात', 'चमक भरली', 'पोटात कळ येते', 'कसंतरीच होतंय'. यातला प्रत्येक शब्द त्यांनी कधीतरी कुणालातरी विचारून शिकून घेतला असणार. 'कसंतरीच होतंय' याचं भाषांतर मला विचाराल तर मलाही जमणार नाही. आमचे शब्द शिकायचे कष्ट त्यांनी घेतले. मी मात्र दहा दिवस त्यांच्या शब्दांना नुसती मान डोलावत होतो. पहिल्या दिवशी "व्हेनफ्लॉन म्हणजे काय हो?" एवढं विचारायलाही मला कमीपणा वाटला. बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस, न कळलेल्या शब्दावर "हो हो" म्हणतो! मीटिंगमध्येही हेच करतो म्हणा. तिथे फार तर एक रिलीज चुकतं.

त्या रात्री मी एकच प्रश्न विचारायला हवा होता. "सिस्टर, आपोआप होते तर मग लागल्यासारखं का वाटतंय त्यांना?" सिस्टरांनी उत्तर दिलं असतं. रागावून का होईना, पण दिलं असतं. तो प्रश्न बाबांनी मला विचारला होता आणि मी तो पुढे नेलाच नाही, मधल्या मध्ये बंद केला. हॉस्पिटलची चूक होतीच. पण निरोप्याचं काम माझं होतं आणि ते मी केलं नाही, हेही खरंच.

असो. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, पण आपल्या वयाच्या सगळ्यांवर येतेच. आईवडील त्या वयाला पोचलेत. आली तर मेडिकलमधून पाकीट आणलं की सिस्टरांच्या हातात देताना विचारा. हे काय करतं? लावल्यावर कसं वाटेल? काय करायचं नाही? उत्तर मिळालं की पेशंटच्या कानाशी जाऊन त्याच्या शब्दांत सांगा. सिस्टर घाईत असतील तर थांबा, दहा मिनिटांनी परत विचारा. पण विचारल्याशिवाय झोपू नका.

बाबा आता काठी घेऊन व्यवस्थित चालतात. ओळखीत कुणीही ॲडमिट झालं की भेटायला जातात. गेल्या दिवाळीत त्यांच्या एका मित्राला भेटायला आम्ही दोघं गेलो होतो. बाबांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली, तब्येतीची चौकशी केली, मग पलंगाच्या दांडीला अडकवलेल्या पिशवीकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, आत फुगा असतो. लागल्यासारखं वाटेल, पण ओढायचं नाही."

मित्राने चमकून विचारलं, "फुगा? मला कुणी बोललं नाही."